‘द टाइम्स ऑफ हार्वे मिल्क’ : माहितीपट आणि नागरी राजकारणाचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाला कागदपत्रांइतकाच ध्वनिफिती, दूरचित्रवाणीवरील वार्तांकन व माहितीपट यांचाही आधार घ्यावा लागतो. मात्र माहितीपट हे एकाच वेळी साधनही असते आणि त्या साधनावर केलेले भाष्यही असते. म्हणून त्याची चिकित्सा दुहेरी असावी लागते. रॉब एपस्टीन दिग्दर्शित व रिचर्ड श्मीकेन निर्मित ‘द टाइम्स ऑफ हार्वे मिल्क’ (१९८४) हा माहितीपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९८५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. हा माहितीपट सामान्यतः एका हुतात्म्याची कथा म्हणून पाहिला जातो. वस्तुतः तो एका शहराच्या प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाचा इतिहास होय. हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हार्वे मिल्क : राजकीय वाटचाल

हार्वे मिल्क यांचा जन्म २२ मे १९३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडमियर येथे झाला. नौदलातील सेवा, अध्यापन व वॉल स्ट्रीटवरील नोकरी अशा टप्प्यांनंतर १९७२ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाले. कॅस्ट्रो वस्तीतील त्यांचे कॅमेऱ्याचे दुकान हेच पुढे त्यांचे प्रचारकार्यालय बनले. त्यांचा उल्लेख अनेकदा अमेरिकेतील ‘पहिले’ उघडपणे समलिंगी लोकप्रतिनिधी असा केला जातो. तो काटेकोर नाही. १९७४ मध्ये कॅथी कोझाचेन्को मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर नगरपरिषदेवर व एलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेवर निवडून आल्या होत्या. मिल्क हे कॅलिफोर्नियातील अग्रणी होते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

त्यांचे यश सहजसाध्य नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’ या अकरा सदस्यांच्या नगरमंडळाची निवडणूक त्यांनी १९७३ व १९७५ मध्ये लढवली आणि दोन्ही वेळा ते पराभूत झाले. १९७६ मध्ये राज्य विधानसभेच्या उमेदवारीसाठीच्या लढतीतही त्यांना अपयश आले. या काळात मंडळाचे सदस्य संपूर्ण शहरातून निवडले जात. साहजिकच पैसा, प्रस्थापित संघटना व वृत्तपत्रांचा पाठिंबा ज्याच्याकडे, त्याचे पारडे जड होत असे. एखाद्या वस्तीत घट्ट मुळे असलेला उमेदवार शहरव्यापी मतमोजणीत मागे पडे. १९७६ मध्ये मतदारांनी प्रभाग पद्धती स्वीकारली आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये मिल्क पाचव्या प्रभागातून विजयी झाले. उमेदवार तेच होते. बदलली होती ती मोजणीची चौकट.

साक्षींची रचना

माहितीपट मिल्क यांच्या बालपणापासून आरंभ करत नाही. मंडळाच्या अध्यक्ष डायॅन फाइनस्टाइन महापौर जॉर्ज मॉस्कोनी व मिल्क यांच्या हत्येची घोषणा करतात, त्या दृश्याने तो उघडतो. शेवट आधीच कळल्यामुळे ‘पुढे काय झाले’ याऐवजी ‘हे कसे घडत गेले’ या प्रश्नाकडे प्रेक्षकाचे लक्ष वळते. नोव्हेंबर १९७७ मध्ये मिल्क यांनी आपली हत्या झाल्यास ऐकवावी म्हणून एक ध्वनिफीत नोंदवून ठेवली होती. तिचाही येथे उपयोग केलेला आहे.

माहितीपटाचा कणा म्हणजे आठ व्यक्तींच्या मुलाखती. त्यांत प्रचारप्रमुख अ‍ॅन क्रोनेनबर्ग, प्राध्यापिका सॅली गियरहार्ट, शिक्षक टॉम अमियानो, चिनी-अमेरिकी समाजातील कार्यकर्ते हेन्री डेर व कामगार संघटनेचे जिम एलियट यांचा समावेश आहे. एलियट यांची साक्ष विशेष मोलाची आहे. समलिंगी व्यक्तींविषयी मनात पूर्वग्रह असलेला एक कामगार कार्यकर्ता मिल्क यांच्या बाजूने कसा वळला, हे ते आडपडदा न ठेवता सांगतात. मिल्क यांनी कूर्स बिअरवरील बहिष्कारात ट्रकचालकांच्या संघटनेला साथ दिली होती. त्यांची आघाडी केवळ सहानुभूतीवर नव्हे, तर अशा परस्पर देवाणघेवाणीवर उभी होती. पाळीव कुत्र्यांची घाण मालकानेच उचलावी, हा त्यांचा गाजलेला नियम याच नागरी दृष्टीचा भाग होता.

सार्वमताची कसोटी

१९७८ मध्ये राज्य सिनेटर जॉन ब्रिग्ज यांनी मांडलेला ‘प्रस्ताव क्रमांक ६’ सार्वमतास आला. समलिंगी शिक्षकांना, तसेच समलिंगी संबंधांचे जाहीर समर्थन करणाऱ्या शालेय कर्मचाऱ्यांना नोकरीतून काढण्याची तरतूद त्यात होती. एपस्टीन यांचा मूळ संकल्प याच प्रस्तावावर माहितीपट करण्याचा होता. त्यामुळे या लढ्याचे चित्रण मध्यवर्ती ठरले आहे. मिल्क व गियरहार्ट यांनी ब्रिग्ज यांच्याशी दूरचित्रवाणीवर वाद केले. समलिंगी व्यक्तींनी आपली ओळख कुटुंबात, शेजारात व कामाच्या ठिकाणी उघड करावी, हा मिल्क यांचा आग्रह होता. ओळखीच्या माणसाविरुद्ध मत देणे मतदाराला अवघड जाते, हे राजकीय गणित त्यामागे होते. माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीही प्रस्तावाला विरोध केला. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी सुमारे ५८ टक्के मते विरोधात जाऊन प्रस्ताव फेटाळला गेला.

हत्या, निकाल आणि प्रतिक्रिया

ज्या प्रभाग पद्धतीने मिल्क यांना सभागृहात आणले, तिनेच डॅन व्हाइट यांनाही आणले होते. माजी पोलीस व अग्निशामक असलेले व्हाइट श्वेतवर्णीय कामगारवस्तीचे प्रतिनिधी होते. शहर वेगाने बदलत असल्याची त्या वस्तीची अस्वस्थता त्यांच्या रूपाने सभागृहात आली. समलिंगी व्यक्तींना नोकरी व निवासात संरक्षण देणाऱ्या १९७८ च्या नगरनियमास मंडळातील एकमेव विरोधी मत त्यांचेच होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला, नंतर तो मागे घेण्याची इच्छा व्यक्त केली. मॉस्कोनी यांनी पुनर्नियुक्ती नाकारण्याचे ठरवले. तेव्हा २७ नोव्हेंबर १९७८ रोजी व्हाइट तळघराच्या खिडकीतून सिटी हॉलमध्ये शिरले आणि त्यांनी दोघांनाही गोळ्या घातल्या.

त्या रात्री हजारो नागरिक हाती मेणबत्त्या घेऊन मूकपणे चालत गेले. २१ मे १९७९ रोजी ज्युरीने पूर्वनियोजित खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा निर्णय दिला आणि व्हाइट यांना सात वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. निर्णयाच्या रात्री त्याच सिटी हॉलसमोर दंगल उसळली, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या. माहितीपट ही दोन्ही दृश्ये दाखवतो. शोकाने एकत्र आलेला समुदाय न्यायाविषयीच्या निराशेने कसा पेटतो, हे त्यातून समजते.

मर्यादा

साधन म्हणून या माहितीपटाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. मुलाखती मिल्क यांच्या सहकाऱ्यांच्या वा हितचिंतकांच्या आहेत. विरोधकांचे म्हणणे प्रामुख्याने तत्कालीन वृत्तचित्रणातून येते. व्हाइट यांच्या मतदारांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकू येत नाही. मिल्क यांचे खासगी जीवनही अल्पच दिसते. शिवाय चित्रण चालू असताना एड्सची साथ शहरात पसरू लागली होती. मुलाखत देणाऱ्यांपैकी बिल क्राउस १९८६ मध्ये त्याच आजाराने मरण पावले. त्यामुळे या मुलाखतींना, निर्मात्यांनी योजिले त्याहून अधिक, दप्तराचे मूल्य प्राप्त झाले आहे.

समारोप

ऑगस्ट १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी प्रभाग पद्धती रद्द केली. ती पुन्हा लागू झाली २००० च्या निवडणुकीत. मिल्क यांची स्मृती मात्र दरम्यान वाढत गेली. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आले. २०२१ मध्ये त्यांच्या नावाच्या नौदल जहाजाचे जलावतरण झाले आणि २०२५ मध्ये ते नाव बदलण्यात आले. सन्मान दिले जातात तसे काढूनही घेतले जातात. त्यांवरून त्या त्या काळच्या सत्तेचा कल समजतो, व्यक्तीचे कार्य नव्हे. ते कार्य समजण्यासाठी प्रचारसभा, प्रभागांच्या सीमा, कामगार संघटनांचे ठराव व सार्वमताचे आकडे यांकडेच वळावे लागते. माहितीपटाच्या शीर्षकात मिल्क यांच्या नावाआधी ‘काळ’ हा शब्द येतो. त्या शब्दाशी निर्माते प्रामाणिक राहिले, हेच या कृतीचे इतिहासदृष्ट्या महत्त्व होय.