रजा : उपकार नव्हे, हक्क



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा पाककृती किंवा भरतकाम सोडून काही निराळे लिहावे असे वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याच्या जाड ग्रंथांत शिरण्याचा माझा अधिकार नाही. परंतु रजा हा विषय प्रत्येक घरात येऊन पोहोचतो. कोणाचे यजमान कारखान्यात आहेत, कोणाची सून कचेरीत जाते, कोणाची मुलगी दुकानात दिवसभर उभी असते. रजेच्या दिवसाचा पगार मालकाने द्यावयाचा, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. ती साधी होण्यास किती वर्षे लागली, ते थोडक्यात सांगते.

मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, असा शिरस्ता. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठे. ठरलेली आठवड्याची सुट्टी नव्हती आणि पुष्कळदा रविवारीही यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावीत. १८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या बायामाणसांच्या सुट्टीबद्दल मात्र त्यात अक्षर नव्हते.

अशा वेळी महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. त्यांनी १८८४ साली परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि पगार वेळेवर, या मागण्या त्यात होत्याच. परंतु आणखी एक मागणी मला फार मोलाची वाटते. कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत त्यास पुरा पगार मिळावा, असे त्यात म्हटले होते. नुसते घरी बसण्याची मोकळीक मिळून भागत नाही, चूलही पेटली पाहिजे, हे त्या कामगारांनी तेव्हाच ओळखले होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही उठून बोलल्या. त्या काळात एवढ्या समुदायापुढे बाईने उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकतो. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तोच सुट्टीला घ्यावा, असे लोखंड्यांनी म्हटल्याचे सांगतात. पुढच्याच वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यातही आली.

सुट्टी मिळाली, पण पगारी रजा अजून दूर होती. कामावरील अपघाताची भरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला. म्हणजे ती मागणी कायद्यात येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली, आणि तेव्हाही बरे होईपर्यंतच्या दिवसांना अर्धाच पगार ठरला.

बाळंतपणाची गोष्ट तर त्याहून बिकट. घरी राहावे तर मजुरी बुडणार, म्हणून दिवस भरत आले तरी गिरणीतल्या बाया कामावर जात. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात याविषयी विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. परंतु बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. या प्रकारचा तो देशातला पहिलाच होय.

पण पैसे द्यावे लागू नयेत म्हणून गरोदर बाईला आधीच कामावरून कमी करण्याची पळवाट निघाली. १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला, त्याने ती वाट बुजवली. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला काढून टाकणे बेकायदा ठरले. तेव्हा रजा बारा आठवड्यांची होती. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक माणसे असतील तेथे पाळणाघरही ठेवावयास सांगितले.

वर्षाच्या पगारी रजेचेही असेच झाले. कारखान्यांत ती १९४५ च्या दुरुस्तीने आली, वर्षाला दहा दिवस. १९४८ च्या कायद्याने कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस असा हिशेब बसवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांत सामावले गेले. वीस दिवसांमागे एक दिवस आणि बाळंतपणाचे सव्वीस आठवडे त्यांतही कायम आहेत.

आता जे सांगावयाचे, ते आपल्या दाराशी येते. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई या रजांच्या हिशेबात कोठे बसते? घर म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून ती बाहेरच राहिली. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायांनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबर पगारी रजेची मागणीही त्यांनी केली होती. महाराष्ट्रात २००८ साली त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण ती आजारी पडली तर पगार कापावयाचा की नाही, हे अजून घरची मालकीणच ठरविते. आणि ती मालकीण म्हणजे आपणच.

समजा, महिना दीड हजार रुपयांवर येणारी बाई तापाने चार दिवस आली नाही आणि आपण दोनशे रुपये कापले. तेच दोनशे तिच्या औषधाचे असतात. आपल्या सुनेला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली म्हणून आपण पेढे वाटतो, आणि बाईचे चार दिवस मात्र बोटांवर मोजतो, हे बरे दिसत नाही.

म्हणून मंडळाच्या भगिनींना माझी एक सूचना आहे. महिन्याला दोन दिवस पगारी सुट्टी आणि आजारपणात पगार न कापणे, एवढे आपण सर्वांनी मिळून ठरवावे. एकटीने केले तर शेजारीण नावे ठेवते. सगळ्यांनी केले की तो रिवाज होतो. हा विषय पुढच्या मासिक सभेत घ्यावा, आणि बायांना काय हवे हे त्यांनाच विचारण्यासाठी त्या सभेला त्यांनाही बोलवावे.