दोन भये

साथ आली म्हणजे माणसाला दोन भये ग्रासतात : एक रोगाचे, दुसरे रोगावरील उपायाचे. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याची वासलात मात्र ‘लोकांचे अज्ञान’ या दोन शब्दांत लावण्यात येते. खानदेशापुरते पाहिले तरी हा निवाडा न्यायाचा वाटत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस प्लेग उघडकीस आला. साडेआठ लाख वस्तीच्या त्या शहरातून पुढील फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. त्यांतली कितीतरी आगगाडीने गेली. आणि आगगाडीची एक वाट चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी खानदेशातूनच जाते. १९०० साली चाळीसगावाहून धुळ्यासही फाटा निघाला. या वाटेने माणसे आली, माल आला, तशा अफवाही आल्या.

रोगाचे भय पोकळ नव्हते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांच्या एका मुलाला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. पण १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती जे अधिकार आले, त्यांचा धाक त्याहून मोठा ठरला. स्टेशनावर उतारूंची तपासणी, घरांची झडती, आजाऱ्याची रवानगी इस्पितळात आणि घरच्यांची छावणीत! इस्पितळात गेलेला बहुधा परतत नसे. तेव्हा तेथे माणसे मारतात अशी वदंता उठली. १८९६ च्या ऑक्टोबरातच मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. आजारी माणूस घरात लपवला जाऊ लागला. भीक नको, पण कुत्रा आवर, अशी ही गत!

आता दुसरी बाजू पाहा. घरात उंदीर पडू लागले की हेच लोक गाव सोडून शेतात कुडाच्या झोपड्या घालून राहत. प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली मांडले, आणि शास्त्रज्ञांत ते मान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. कारण ठाऊक नसताना खेडुतांनी उपाय मात्र नेमका धरला होता. झोपडीत कुटुंब एकत्र राही, बायकामाणसांच्या अंगाला परका हात लागत नसे. पुढे सरकारनेही सक्ती सैल करून गाव मोकळे करण्यास उत्तेजन दिले.

सव्वाशे वर्षांनी कोरोना आला. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयातून बेपत्ता झालेली एक वृद्धा आठ दिवसांनी तेथल्याच शौचालयात मृतावस्थेत सापडली. अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले. ही बातमी ऐकून कोणी आपला ताप लपवला असेल, तर त्याला अडाणी कसे म्हणावे?

भय दवंडीने जात नाही. इस्पितळात नेलेले आपले माणूस कोठे आहे, कसे आहे, हे घरच्यांना रोज कळले, तरी दुसरे भय निम्मे उतरते. आणि पहिल्याशी झुंजावयास माणूस मोकळा होतो.