कंट्रोलचं दुकान : एका शब्दाची आणि एका व्यवस्थेची वाटचाल

"कंट्रोलचा तांदूळ आला का?" भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडच्या गावांत हा प्रश्न अजूनही कानावर पडतो. सरकारी कागदात त्या दुकानाला 'रास्त भाव दुकान' म्हणतात, दारावरच्या पाटीवर 'स्वस्त धान्य दुकान' लिहिलेलं असतं, पुण्या-मुंबईत त्याला 'रेशन' म्हणतात आणि हातातल्या कार्डाचं नाव 'शिधापत्रिका'. दुकान एक आणि नावं चार. प्रत्येक नाव वेगळ्या काळात चिकटलं. त्यामुळे या दुकानाची वाटचाल सांगायची तर शब्दांपासूनच सुरुवात करावी लागते.

'रेशन' हा शब्द आपल्याकडे इंग्रजांकडून आला, इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'रॅशिओ'त आहे. रॅशिओ म्हणजे हिशेब. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत त्याचा अर्थ माणशी ठरवून दिलेलं अन्न, मुख्यतः शिपायाचा रोजचा वाटा, असा रूढ झाला. एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी सामान्य माणूस हा शब्द 'नेशन'च्या चालीवर 'रेशन' असाच म्हणत असे. पहिल्या महायुद्धात फौजी उच्चार 'रॅशन' सर्वत्र पसरला आणि जुना मागे पडला. आपण मात्र जुनाच धरून बसलो. तेव्हा कोणी शहाणा आपला उच्चार सुधारायला आला, तर त्याला हे खुशाल ऐकवावं.

पण 'रेशन' आपल्याकडे रुजण्याच्याही आधीपासून कंपनी सरकारच्या कागदपत्रांत अन्नखर्चाचा दुसरा एक शब्द होता, 'बाटा'. शिपाई आणि अधिकारी मोहिमेवर निघाले की पगाराबाहेर मिळणारी रक्कम म्हणजे बाटा. तो कमी केला म्हणून १७६६ मध्ये बंगालच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी गव्हर्नर क्लाइव्हविरुद्ध कट केला. १८२८ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने तो निम्म्यावर आणला, तेव्हाही असाच गहजब झाला. हा 'बाटा' म्हणजे आपला 'भत्ता'. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याचा संबंध कानडी 'भत्त' या शब्दाशी जोडलेला आहे. कानडीत भत्त म्हणजे टरफलासकट तांदूळ, म्हणजे आपलं धान. हा तर्क खरा धरला तर भंडाऱ्याचा शेतकरी बांधीत जे पिकवतो त्याच्याच नावाने आज सरकारी कर्मचारी महागाई भत्ता उचलतो. धानाला स्वतःला महागाई भत्ता कधी लागू होईल, ते विचारू नका.

आपल्या लोकांकडे मोजून देण्याचे शब्द कमी नव्हते. धान पायली, कुडव, खंडीने मोजलं जाई. सालगड्याला वर्षाचं धान ठरवून दिलं जाई आणि कापणीची मजुरीसुद्धा धानातच मिळे. भिक्षुकाला, पाहुण्याला, वाटसरूला कोरडा शिधा दिला जाई. शिधा देणाऱ्याच्या हातात थोडी ढील असे. पायली शिगोशीग भरायची की हाताने सपाट करायची, हे नात्यावर ठरे. रेशनमध्ये ती ढील नाही. तिथे ग्रॅमचा हिशेब आहे, आणि तो करणारा समोर बसलेला नसतो.

ही व्यवस्था आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्याच वर्षी २ मे रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झालं. पुढे ग्रेगरी समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत ते लागू करावं अशी शिफारस केली. भंडारा त्या यादीत बसणारं गाव नव्हतं, आणि मध्य प्रांताच्या या धानपट्ट्यात घरोघरी धान होतंच. इथे सरकार पोचलं ते बांधलेले भाव, परवाने आणि धान्य जिल्ह्याबाहेर नेण्यावरची बंधनं घेऊन. या सगळ्याला मिळून एक शब्द होता, कंट्रोल. मुंबईला वाटा मिळाला म्हणून तिथे रेशन रुजलं. इथे आधी बंधन आलं म्हणून कंट्रोल रुजलं, असा माझा तर्क आहे. पिकवणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला एकच व्यवस्था कशी वेगवेगळी दिसते, ते या दोन शब्दांत कळतं.

स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेची धरसोड चालली. गांधीजींच्या आग्रहाने १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणं उठली, भाव भडकले आणि वर्षाच्या आत ती परत आली. १९५४ मध्ये अन्नमंत्री रफी अहमद किडवाई यांनी तांदूळ मोकळा केला. ब्रिटनमधलं युद्धकाळातलं रेशनही नेमकं त्याच वर्षी संपलं. तिकडे ते गेलं ते गेलंच. आपल्याकडे टंचाईने दुकानं पुन्हा उघडायला लावली. दरम्यान १९५६ मध्ये भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्य बदललं, राजधानी बदलली, तरी 'कंट्रोल' हा शब्द तसाच राहिला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं. अमेरिकेचा लाल गहू आला आणि बहात्तरच्या दुष्काळात मिलो ही परदेशी ज्वारी आली. त्या पिढीतला कोणीही मिलोच्या भाकरीचं कौतुक करताना मी ऐकलेला नाही. साखर, घासलेट आणि दिवाळीचं पामतेल यांसाठीच्या रांगांवर तर वेगळा लेख होईल.

१ मे १९९९ ही तारीख भंडाऱ्याला दोन कारणांनी लक्षात राहते. त्या दिवशी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, आणि त्याच दिवसापासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका लागू झाल्या. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्याला पिवळी, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरी. जिल्हा दोन भागांत वाटला गेला आणि माणसं तीन रंगांत. पुढच्याच वर्षी अंत्योदय योजना आली आणि सर्वांत गरीब घरांना आधी २५ आणि मग ३५ किलो धान्य मिळू लागलं. 'पिवळं कार्ड' हे गरिबीचं नाव झालं आणि 'आमचं नाव यादीत का नाही' हे ग्रामसभेतलं कायमचं भांडण झालं. त्या भांडणात खोटं फारसं नव्हतं. पंधरा हजारांची रेष एकदा आखली गेली आणि महागाई तिच्यावरून चालत गेली.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या दुकानाचा पाया बदलला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. राज्यातले सुमारे ७ कोटी लोक त्यात आले आणि माणशी ५ किलो धान्य हा हक्क ठरला. तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो. कोरोनाच्या काळात आणखी ५ किलो मोफत मिळाले, आणि १ जानेवारी २०२३ पासून हक्काचं धान्यच मोफत झालं. एके काळी बंधन म्हणून आलेलं दुकान सत्तर वर्षांनी हक्काचं झालं. माझ्या मते या सगळ्या वाटचालीतला सर्वांत मोठा टप्पा हाच.

भंडाऱ्यात मात्र या हक्काला एक वळसा आहे. इथला शेतकरी हंगामात धान आधारभूत खरेदी केंद्रावर नेतो. २०२५-२६ साठी साधारण धानाचा भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. केंद्रावर काटा, बारदाना, सातबारा आणि चुकाऱ्याची वाट. तिथून धान भरडाईला गिरणीत जातं. एका क्विंटलमागे गिरणीवाल्याने ६७ किलो तांदूळ सरकारला द्यायचा असतो. तो गोदामात जातो आणि गोदामातून दुकानात येतो. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो, सगळा तांदूळच धरला तर वर्षाला ३ क्विंटल. म्हणजे साडेचार क्विंटलच्या आसपास धान. ज्याने केंद्रावर पोती टाकली तोच पुढे पिशवी घेऊन रांगेत उभा असतो. यात विसंगती काही नाही. विकायला जाड धान लावायचं आणि घरी खायला जमलं तर बारीक, ही इथली जुनी रीत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं एचएमटी वाण या पट्ट्यात गाजलं ते त्या बारीकपणामुळेच.

अलीकडे काही वर्षं तांदळात पोषणमूल्य वाढवलेले दाणे मिसळून येत, शंभरात एक. धान ओळखणाऱ्या बायकांना तो दाणा लगेच दिसे. निवडताना त्या 'प्लास्टिकचा' म्हणून तो बाजूला काढत, आणि ज्यासाठी तो घातला ते लोह केरात जाई. हे दाणे तांदळाचं पीठ, लोह आणि जीवनसत्त्वं मिसळूनच बनवतात, हे दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला काय हरकत होती? दुसरी अडचण अंगठ्याची. हिशेब आता यंत्र ठेवतं आणि यंत्राला बोटावरच्या रेषा हव्यात. ज्या हातांनी चाळीस वर्षं चिखलात रोवणी केली, त्यांच्या रेषा कधीच झिजून गेलेल्या असतात. मग बाई बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा पुसते.

शब्दांची फेरी मात्र पूर्ण झाली. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रवा, चणाडाळ, साखर आणि तेल १०० रुपयांत द्यायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं 'आनंदाचा शिधा'. कागदापुरता उरलेला आपला जुना शब्द पिशवीवर छापून आला.

तरीही कधी भंडाऱ्याकडच्या गावात गेलात आणि हे दुकान शोधायची वेळ आली, तर शिधा, रेशन, रास्त भाव काही विचारत बसू नका. कंट्रोल कुठे आहे, एवढंच विचारा.