नावात दडलेले गृहीतक

'ऑक्सिजन' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'आम्ल निर्माण करणारा' असा आहे. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, या धारणेतून लव्हाझिएने ते नाव दिले. धारणा पुढे चुकीची ठरली. नाव मात्र टिकले. मराठीने त्याला 'प्राणवायू' म्हटले आणि नकळत ती चूक टाळली. नावातले गृहीतक विचाराला किती काळ बांधून ठेवते, हे पाहायचे असेल तर आवर्तसारणीतील सतराव्या गणाचा, म्हणजे हॅलोजन कुलाचा, इतिहास वाचावा.

१७७४ साली स्वीडनमध्ये शेले याने मिठापासून मिळणारे आम्ल मँगनीजच्या खनिजाबरोबर तापवले, तेव्हा हिरवट पिवळा, गुदमरवून टाकणारा वायू बाहेर पडला. शेलेने त्याचे वर्णन तत्कालीन फ्लॉजिस्टन सिद्धान्ताच्या भाषेत केले. तो सिद्धान्त मागे पडल्यावर लव्हाझिएच्या अनुयायांनी या वायूला 'ऑक्सिम्युरिएटिक आम्ल' म्हटले. आता नावातच ऑक्सिजन आला होता. तो वायूत सापडणे तेवढे बाकी होते! १८०९ मध्ये गे-ल्यूसाक आणि तेनार यांनी त्याचा कसून शोध घेतला. तो हाती लागला नाही. हा वायू मूलद्रव्य असू शकेल, हेही त्यांना जाणवले. तरी ते जुन्याच मताशी थांबले.

१८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने ते धाडस केले. या वायूत कोळसा पांढरा होईपर्यंत तापवूनही ऑक्सिजनचा मागमूस लागत नाही. तेव्हा हे मूलद्रव्यच होय, असे त्याने मांडले. नाव देताना त्याने कोणताही सिद्धान्त आधाराला घेतला नाही. केवळ डोळ्यांना दिसणारा रंग घेतला. ग्रीक 'क्लोरोस', म्हणजे फिकट हिरवा, यावरून 'क्लोरिन'. सिद्धान्त बदलला तरी रंग बदलणार नव्हता. १८११ मध्ये कूर्त्वा याला समुद्रशैवालाच्या राखेत जे द्रव्य सापडले, त्यालाही जांभळ्या वाफेवरून 'आयोडिन' हे नाव मिळाले.

याच कुलातील ब्रोमिनची कथा अधिक बोलकी आहे. लीबिगकडे ते द्रव्य एका बाटलीत आधीच आले होते; पण त्याने ते क्लोरिन व आयोडिन यांचे संयुग मानले आणि विषय संपवला. १८२६ मध्ये बालारने ते नवे मूलद्रव्य असल्याचे जाहीर केले. लीबिगने मग आपली बाटली चुकांच्या कपाटात ठेवली.

साहित्याचे अध्यापक म्हणून ही बाटली आपल्याला ओळखीची वाटायला हवी. कादंबरी वाचण्यापूर्वीच तिच्यावर 'ग्रामीण', कवितेवर 'सौंदर्यवादी' अशी चिठ्ठी चिकटवून आपण ती वर्गात नेतो, आणि विद्यार्थी चिठ्ठीचेच उत्तर लिहितात. वर्गीकरण त्याज्य आहे असे नव्हे. 'हॅलोजन', म्हणजे लवणजनक, हेही वर्गीकरणच आहे. मात्र श्वायगरने १८११ मध्ये एकट्या क्लोरिनसाठी सुचवलेला हा शब्द कुलवाचक झाला, तो त्याची भावंडे एकेक करून सापडल्यावर, त्यांचे गुणधर्म ताडून पाहिल्यावर. आधी वाचन, मग नाव, हा क्रम रसायनशास्त्राला अनेक दशके खर्चून शिकावा लागला.