काचेमागील चिंधी

खिडकीच्या काचेच्या एका तुकड्यास इंग्रजींत ‘पेन’ म्हणतात. लेखणीचा ‘पेन’ निराळा. तो पिसाचें नांव असलेल्या लॅटिन ‘पेन्ना’पासून निघाला. आपले विद्यार्थी खिडकीच्या ‘पेन’चा अर्थ ‘काच’ असा पाठ करितात, आणि तेथेंच त्या शब्दाचा इतिहास बुजतो. वस्तुतः या शब्दाच्या मुळाशीं काच नाहींच. आहे ती चिंधी.

लॅटिन ‘पान्नुस’ म्हणजे कापडाचा तुकडा. त्यापासून जुन्या फ्रेंचमधील ‘पान’ झाला, व मध्ययुगांत तो इंग्रजींत शिरला. तेथें तो आधीं वस्त्राचा, मग भिंतीच्या अथवा चौकाच्या एका बाजूचा, आणि पुढें खिडकीच्या एका विभागाचा वाचक बनला. काच नसे तेव्हां खिडकीस तेल लावलेलें कापड ताणून बसवीत. त्यावरून हा अर्थ आला असें म्हणण्याचा मोह होतो. पण त्या तर्काची गरज नाहीं. तुकड्यावरून विभाग, ही अर्थाची वाट सरळ आहे. मराठी वाचकास तर ती घरचीच वाटावी: चोळीचाही खण आणि माडीचाही खणच!

मग काचेनें हा शब्द बळकावला कसा? वितळलेल्या काचेचा गोळा फुंकून, सळईवर गरगर फिरवून त्याची मोठी चकती करीत, आणि तिच्यांतून लहान चौकोन कापीत. मोठा अखंड तुकडा निघेच ना. म्हणून खिडकीचे खण पाडणें भागच होतें. चकतीच्या मध्यावर उरणाऱ्या जाड गांठीस इंग्रज ‘बैलाचा डोळा’ म्हणत. आपल्या ‘गवाक्षा’चाही शब्दशः अर्थ तोच. अर्थात् हा निव्वळ योगायोग. इंग्लंडांत काचेवरील जकात १८४५ त व खिडक्यांवरील कर १८५१ त उठला. त्याच १८५१ सालीं लंडनच्या स्फटिकप्रासादास सुमारें ३ लक्ष काचा लागल्या. प्रत्येक ४९ इंच लांब व १० इंच रुंद. त्या मात्र नळकांडें फुंकून, उभें चिरून, सपाट केलेल्या काचेच्या होत्या.

या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. ‘पॅनेल’ हें त्याचेंच लघुरूप. ज्या चर्मपत्राच्या तुकड्यावर पंचांचीं नांवें लिहीत तो तुकडा ‘पॅनेल’, आणि त्यावरून पंचांचें मंडळही ‘पॅनेल’. वाऱ्याची दिशा दाखविणारा ‘व्हेन’ हा मूळचा निशाण, म्हणजे पुन्हा कापडच. लॅटिन ‘प’च्या जागीं जर्मानिक भाषांत ‘फ’ येतो, व दक्षिण इंग्लंडच्या बोलींत त्याचा ‘व्ह’ होतो. पलंगपोसाचा ‘काउंटरपेन’ मात्र तोतया नातलग. त्याचें मूळ टांके घातलेल्या गादीच्या लॅटिन नांवांत. ‘पेन’ हें शेपूट मागाहून चिकटलें.

आतां भाषांतराचा प्रश्न. ‘पेन’ला ‘काच’ म्हटल्यास द्रव्य कळतें, आकार हरवतो. ‘तावदान’ म्हणावें तर फारसी ‘ताबदाना’पासून, म्हणजे प्रकाशाच्या पात्रापासून, आलेला हा सुंदर शब्द आपण सबंध चौकटीस वापरतों. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनीं रागावूं नये. मी तरी ‘तावदानाचा खण’ असेंच लिहीन.