पोपट, पंक आणि आपली भाषा: अख्खे ऐकावेत असे काही अल्बम

"इंडी ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आज त्याच्यावर अख्खा भाग करतोय. पण नुसती यादी देणार नाही. यादी तुमचं ॲपही देतं, आणि दर आठवड्याला बदलूनही देतं. मला त्या यादीमागचा इतिहास सांगायचाय, कारण त्यात एक गोष्ट मला कायम खटकते. गिटार घेऊन स्वतःची गाणी करणाऱ्या आपल्या मुंबई-पुण्याच्या पोरांना मराठीत गायला इतकी वर्षं का लागली? आणि जे पहिल्यापासून मराठीतच गात होते, त्यांना कुणी कधी 'इंडी' का म्हटलं नाही?

आधी दोन शब्द सोडवून घेऊ. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, सिनेमाच्या आधाराशिवाय केलेलं स्वतःचं गाणं. पंक म्हणजे सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उसळलेला प्रकार. तीन कॉर्ड येतात ना, मग बँड काढ. आवाज गोड नसला तरी चालेल, पण बोलायचंय ते बोल. आणि अल्बम म्हणजे ठरवून एका क्रमाने लावलेली आठ-दहा गाणी, साधारण पाऊण तासाची. रहाटणीतून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलात, तर नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत पोहोचेपर्यंत एक अल्बम आरामात संपतो. ट्रॅफिक लागलं तर दीड.

आता मागे जाऊ. पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली १९८२ साली. एमआयडीसी जोरात होती, मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून माणसं कामाला येत होती, आणि नेमक्या त्याच काळात कॅसेट स्वस्त झाली. ही साधी गोष्ट नाही बरं का. त्याआधी रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही. त्यांनी तुमचा आवाज रेकॉर्ड केला तर केला, नाहीतर तुम्ही गावच्या जत्रेत गा. कॅसेट कुणीही काढू शकत होतं. टी-सीरिज, व्हीनस अशा नव्या कंपन्या आल्या, आणि पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊससारखी छोटी घरंही उभी राहिली. अलूरकरांनी शास्त्रीय संगीताच्या मैफली कॅसेटवर आणल्या.

पण खरा धमाका केला शिंदे घराण्याने. प्रल्हाद शिंदे भीमगीतं गायचे, विठ्ठलाची गाणी गायचे, कव्वालीही गायचे. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद यांचं 'नवीन पोपट' ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलं आणि टपरीवर, रिक्षात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तेच वाजायला लागलं. मागे सिनेमा नाही, पडद्यावर हिरो नाही. द्व्यर्थी, खट्याळ, बिनधास्त. व्याख्या लावायचीच तर हे पॉप आहे, सिनेमाबाहेरचं आहे, आणि शिष्ट लोकांनी नाकं मुरडली म्हणजे थोडं पंकही आहे. पण इंग्रजी मासिकांतल्या 'भारतीय इंडी'च्या इतिहासात हे नाव तुम्हाला क्वचितच दिसेल. कारण उघड आहे: ते कुठल्या वस्तीतून आलं आणि कुणी ऐकलं. जात आणि वर्ग हे शब्द आपण संगीताच्या गप्पांत टाळतो, पण इथे टाळता येत नाहीत.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं बघा. १९८४ साली रॉक मशीन नावाचा बँड सुरू झाला. महेश टिनईकर, उदय बेनेगल वगैरे मंडळी. आडनावं कोकणच्या किनाऱ्यावरची, गाणी शंभर टक्के इंग्रजी. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरायला लागलं. तिथे येणारं पब्लिक कॉलेजचं, त्यांना परदेशी बँडची गाणी हुबेहूब हवी असायची. स्वतःचं गाणं वाजवलं की शिट्ट्या, आणि त्या कौतुकाच्या नव्हेत. अशा वातावरणात रॉक मशीनने १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, ही हिंमतच. आज ऐकताना तो थोडा जुनाट वाटतो. त्यापेक्षा १९९३ मध्ये नाव बदलून ते 'इंडस क्रीड' झाले आणि १९९५ साली त्याच नावाचा अल्बम आला, तो ऐका. त्यात दुसऱ्यासारखं वाजवायची धडपड संपलेली आहे.

म्हणजे एकाच राज्यात, एकाच दशकात दोन स्वतंत्र संगीतं. एकाला श्रोते लाखांनी होते पण इज्जत नव्हती. दुसऱ्याला इज्जत होती पण श्रोते एका मैदानात मावायचे. आणि दोघांची भेटच होत नव्हती.

नव्वदच्या दशकात केबल आलं, चॅनल व्ही आणि एमटीव्ही आले, आणि हिंदी पॉपची लाट आली. मराठीत त्या दशकाच्या शेवटी मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र, म्हणजे आपले किशोर कदम, यांचा 'गारवा' आला. हा तुम्ही तुकड्या-तुकड्यांत ऐकला असेल, पाऊस पडला की कुणाच्या तरी स्टेटसला असतोच. माझं ऐका, एकदा सलग ऐका. मधे सौमित्रचं बोलणं, मग गाणं, पुन्हा बोलणं. तो क्रम मोडला की अर्धी मजा गेली. मराठीत अल्बम 'अल्बम' म्हणून कसा बांधतात, हे शिकायचं तर आजही इथूनच. अजय-अतुल सिनेमात मोठे होण्याआधी त्यांनी 'विश्वविनायक' केला होता, तोही याच रांगेतला.

पुण्यात २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी 'आयुष्यावर बोलू काही' करायला लागले. कविता, पेटी, आणि भरलेली नाट्यगृहं. काहींना ते फार गुळगुळीत वाटतं. मलाही कधी कधी वाटतं. पण सिनेमाशिवाय, फक्त स्वतःच्या गाण्यांवर वर्षानुवर्षं हाऊसफुल्ल जाणं याला इंडी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? 'नामंजूर' ऐका, आणि घरात लहान भाचरं असतील तर 'अग्गोबाई ढग्गोबाई'.

पुण्याचाच 'अग्नी' हा बँड. 'आहटें' तुम्हाला माहीत असेल, स्प्लिट्सव्हिलामुळे. पण त्यांचा २००७ चा पहिला अल्बम, 'अग्नी' याच नावाचा, जास्त चांगला आहे. रागदारीची बैठक आणि वर रॉक. भाषा मात्र हिंदी. म्हणजे इंग्रजीतून निघालेली गाडी हिंदीपर्यंत आली, मराठीच्या स्टेशनात अजून नाही.

डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडरचा पहिला फेस्टिव्हल झाला आणि एका पिढीला कळलं की आपल्या देशात इतके बँड आहेत. पंक मात्र मुंबईतलं शोधा. 'द लाइटइयर्स एक्सप्लोड' यांचा 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण', २०१३. नावावरून जुना हिंदी सिनेमा आठवतो, गाणी इंग्रजी, भन्नाट वेगातली. 'द रायट पेडलर्स' यांचा 'सरकाझम' हा ईपी नावातच टोमणा मारतो. आणि डोकं शांत करायचं असेल तर पुण्याच्या 'ईझी वाँडरलिंग्ज'चा 'ॲज रिटन इन द स्टार्स', २०१७. रात्रपाळीवरून परत येताना लावा, बाहेर उजाडत असताना. यापेक्षा वेगळी शिफारस नाही.

मग मराठी कुठे शिरली? गिटारच्या वाटेने थोडी. 'अभंग रिपोस्ट'ची पोरं अभंग घेतात आणि बास गिटारवर चढवतात. तुकोबांची देहू आपल्यापासून तासाभराच्या आत, आणि तिथले शब्द परत आले ते मुंबईच्या बँडमधून, याची गंमत वाटते. पण मुख्य दार उघडलं रॅपने. रॅपला गिटार लागत नाही, ॲम्प लागत नाही, फोन आणि बीट पुरतो. मुंबईच्या 'स्वदेसी' गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो, सोबतचे हिंदी, गुजराती, बंगालीत. २०१९ मध्ये त्यांनी आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडली गेली. ते गाणं आता ऐकताना ही तारीख डोक्यात ठेवा. त्यांचा 'चेतावनी' हा अल्बम २०२० चा. त्याच गटातला एमसी तोडफोड, धर्मेश परमार, याचा 'ट्रुथ अँड बास' मार्च २०२२ मध्ये आला. त्याच महिन्यात तो गेला, वय २४. अल्बम हेडफोनवरच ऐका, फोनच्या स्पीकरवर त्याचा बास सापडत नाही.

आणि इथे ते जुने दोन रस्ते पहिल्यांदा एकत्र येतात. मवालीच्या मराठीत शाहिरीचा ठेका आहे, भीमगीतांचं सरळ बोलणं आहे. एकतारी घेऊन भीमगीतं गाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात फोनवरून महाराष्ट्रभर पोहोचल्या, त्याही कुठल्या मोठ्या कंपनीच्या जोरावर नाही. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवरून आलं, हाऊस म्युझिकवर अस्सल मराठी. ते मला आवडतं. फक्त ते एक गाणं आहे, अल्बम नाही, आणि आता जे येतं ते असं एकेक गाणं, त्यातही रीलपुरते पंधरा सेकंद.

म्हणून माझं एक मागणं. काळेवाडी फाट्याजवळ, कोकणे चौकात, नखाते वस्तीत खोलीत बसून लिहिणारे तुमच्यातच कुणी असतील. एक गाणं टाकून थांबू नका, सहा-सात करा, क्रम लावा. भाषा घरात बोलता तीच ठेवा, लातूरची असेल तर लातूरची.

आणि ऐकणाऱ्यांनी उद्या सकाळी बसमध्ये शफल बंद करायचं. आधी 'गारवा', परतीला 'चेतावनी'. दोन्हींमधलं मराठी कसं बदललंय ते मला कळवा. पुढच्या भागात नुसत्या भीमगीतांच्या कॅसेटवर बोलू.