मुरबाडच्या आजी आणि न लिहिलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात, हुतात्मे आठवतात. मुरबाड तालुक्याचा इतिहास सांगतानाही आपण प्रथम सिद्धगडाचे नाव घेतो. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते, आणि ती दिलीच पाहिजे. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्या काळात या डोंगरकपारीतल्या वाड्यापाड्यांवर चुली कोण पेटवत होते? पुरुष चळवळीत, तुरुंगात किंवा मुंबईच्या गिरणीत गेला, तेव्हा मागचे घर कोणी सावरले?

मुरबाड-शहापूर हा भाताचा मुलूख. पावसाळ्यापूर्वी राब भाजायचा, पेरायचे, मग चिखलात वाकून लावणी करायची, कापणी, झोडणी, आणि पुढल्या वर्षाचे बियाणे वेगळे राखायचे. या प्रत्येक कामात घरातल्या थोरल्या बाईचा हात असे. धान्य किती दिवस पुरेल, हा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असे. आपल्या कोकणी मुसलमान घरांतल्या दादी-नानीही याहून वेगळ्या नव्हत्या. फजरची नमाज झाली की चूल, चुलीनंतर शेत, आणि संध्याकाळी नातवंडांना कलमा शिकवणे. त्यांच्यापैकी कितीतरी जणी कुरआन शरीफची तिलावत करीत, पण मराठी कागदावर मात्र अंगठाच उठवीत.

आणि कागदाने तरी त्यांची कितपत दखल घेतली? सातबाऱ्यावर बाईचे नाव चढे ते बहुधा वारस म्हणून, नवरा गेल्यावर. १९३७ च्या शरीयत कायद्यात वारसाहक्क आला खरा, पण शेतजमिनीचा प्रश्न त्यातून वगळण्यात आला होता. जिने जन्मभर शेत राखले तिच्या वाट्याला शेताचा कागद क्वचितच आला.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) अशाच एक घरधनीण. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, तीन मुले आणि शेती. त्यांनाही अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या आज आपल्यापुढे आहेत त्या चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवल्या म्हणून. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. घरात लिहिणारे होते, म्हणून एक आयुष्य वाचले. ज्या घरांत कुणी लिहिले नाही, त्या घरांत काय काय हरवले असेल?

या प्रश्नाचे एक उत्तर मुरबाडनेच दिले आहे. तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गावात शिवचरित्राचे वाचन चालले असता आजींनी खंत बोलून दाखवली, आम्हालाही वाचता आले असते तर! जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. साठी ते नव्वदीच्या आजी गुलाबी साडीचा गणवेश नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत जाऊ लागल्या. शिकवणारी गावचीच सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही! अंगठ्याच्या जागी सही आली. एवढ्या वयात शिकून काय करायचे, असे म्हणणाऱ्यांना त्या सहीने परस्पर उत्तर दिले.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले आहे. पुढच्या पिढीच्या कागदांत आई दिसेल. मागच्या पिढीच्या दादीचे काय? ते काम शासनाचे नव्हे, आपले आहे. आपण आपल्या पूर्वजांची नावे सांगतो तेव्हा बापाकडून आजोबाकडे आणि आजोबाकडून पणजोबाकडे जातो. पणजीचे माहेर कोणते, तिचे खरे नाव काय, तिने किती लेकरे वाढवली आणि किती पुरली, हे किती जणांना सांगता येईल?

म्हणून या वर्षी प्रत्येक घराने एक वही घ्यावी. घरात वृद्ध बाई हयात असेल तर तिच्याजवळ बसावे, तिच्या तोंडची बोली, लग्नातली गाणी, दुष्काळाच्या आठवणी तिच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. आपल्या खेड्यांतल्या कच्च्या कबरींवर बहुधा नाव नसते, दोन-चार पावसाळ्यांत मातीही सपाट होते. निदान कागदावर तरी तिचे नाव राहू द्यावे.